वस्तीच्या हत्यारघराच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

समाजभवनातलं लोखंडी कपाट मिळालं. गणपतीच्या वर्गणीतले उरलेले तीस हजारही मिळाले. नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, आता सामायिक हत्यारघर होणार: हवं ते हत्यार न्यायचं, वहीत सही करायची, दोन दिवसांत परत आणून द्यायचं. खरेदी तिघांवर आली आहे. शस्त्रनिर्माणीच्या टूल-रूममधून निवृत्त झालेले काका, पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताई आणि मी. नोंदी मी ठेवायच्या, कारण बाकीच्या दोघांना काम येतं.

ग्रुपवर कच्ची यादी टाकली तशी चर्चा हत्यारांवरून थेट देशांवर गेली. एकाचं म्हणणं, जर्मन घ्या आणि विषय संपवा. दुसऱ्याचं, चायनाचं आणलं तर माझी वर्गणी परत करा. तिसऱ्याला फक्त स्वदेशी हवं. पक्कड कशासाठी लागणार हे मात्र कोणी विचारलं नाही. काकांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाले, "देश मग पाहू ना बाप्पा. आधी लेआउटमध्ये कामं काय काय निघतेत ते लिहा."

लिहिलं. गळके नळ, पंखे, दारांच्या बिजागऱ्या, सायकली, दुचाक्या, मॉड्युलर किचनची सैल झालेली दारं. शिवाय समाजभवनातली सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, जिचा एक सांधा खिळखिळा झाल्यामुळे वर्षभर तिच्यावर कोणी बसत नाही. घेतलेल्या हत्यारांची पहिली परीक्षा बंगईवरच घ्यायची असं ठरलं.

११ जानेवारी, शनिवार

इतवारी, लोहाओळ, म्हणजे लोखंडी सामानाचा बाजार. गाडी लांब लावून चालत गेलो, आत शिरायला जागाच नव्हती.

पहिल्या दुकानात पक्कड मागितली तर शेठनी काउंटरवर तीन ढीग लावले. "ये चालू, ये मीडियम, ये कंपनी का." बस, एवढीच प्रतवारी. ग्रुपवरच्या सगळ्या वादापेक्षा मला ती जास्त कामाची वाटली, कारण तिन्ही ढिगांत भारतीय माल होता आणि तिन्हींत बाहेरचाही होता.

मग खोके उलटे करून वाचायला लागलो. पॅकबंद मालावर उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, आणि आयात माल असेल तर मूळ देश छापणं वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. छापतात, पण मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत. एका स्क्रू-ड्रायव्हर सेटवर समोर काळा-लाल-पिवळा पट्टा आणि "जर्मन टेक्नॉलॉजी" अशी ठळक अक्षरं. मागे दिल्लीचा आयातदार आणि मूळ देश चीन. समोरचं सगळं कदाचित खरंही असेल, तंत्रज्ञान जर्मन असायला कोणाची हरकत? शेजारीच साध्या खाकी खोक्यात जालंधरचे पाने होते. ना झेंडा ना पट्टा, फक्त आय. एस. २०२८ हा क्रमांक. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठीचं ते भारतीय मानक आहे. नुसता क्रमांक छापणं वेगळं आणि आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असणं वेगळं. 'सीएम/एल' ने सुरू होणारा हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. ताईंनी उभ्या उभ्या दोन तपासले. शेठ म्हणाले, "मॅडम इन्कम टॅक्स में हो क्या?"

आज काही घेतलं नाही. तर्री-पोहे खाल्ले आणि परतलो.

१४ जानेवारी

संक्रांत. पतंगांच्या नादात काम काहीच झालं नाही, थोडं वाचन झालं. ग्रुपसाठी दोन गोष्टी काढून ठेवल्या.

पहिली, 'मेड इन जर्मनी' या ठशाचा जन्म. १८८७ मध्ये ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट केला. जर्मनीतल्या झोलिंगेनहून येणारा स्वस्त माल इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या नावावर खपतो अशी शेफिल्डच्या सुरी-कात्रीवाल्यांची तक्रार होती. तेव्हा परदेशी मालावर त्याचा देश लिहा म्हणजे गिऱ्हाईक सावध होईल, असा हिशेब. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात, फ्रान्झ रूलो या जर्मन अभियंत्यानेच आपल्या देशाच्या मालाला 'स्वस्त आणि वाईट' म्हटलं होतं. आज चायनाच्या नावाने नाक मुरडणारे आपण जे बोलतो, तेच तेव्हा जर्मनीबद्दल बोललं जायचं. ठसा तोच राहिला, त्यामागचे कारखाने बदलले.

दुसरी गोष्ट, नाव एका देशाचं आणि भट्टी दुसऱ्या देशातली. कनीपेक्स आणि वेरा ही दोन्ही नावं जर्मनीतल्या एकाच वुपरटाल शहराची. कनीपेक्सच्या पकडी तिथेच बनतात, वेराचे स्क्रू-ड्रायव्हर मात्र चेक प्रजासत्ताकात. बाहको हे स्वीडिश नाव १९९९ पासून अमेरिकेच्या स्नॅप-ऑनकडे आहे. मोजमापाची हत्यारं बनवणारी मितुतोयो जपानी, पण तिने कारखाना ब्राझीलमध्येही काढला. आपल्याकडे तापडियाने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली, कारखाना नाशिकला. आता याला स्वदेशी म्हणायचं की स्वीडिश? ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल तिळगुळाचे स्टिकर आले.

१९ जानेवारी, रविवार

पटाश्यांची परीक्षा. काकांच्या अंगणात.

तिन्ही ढिगांतल्या २५ मिमीच्या पटाश्या नमुन्याला आणल्या होत्या, चालू ढिगातल्या एकाच खोक्यातल्या दोन. लाकूड सागाचं, लाकडगंजातून आणलेला तुकडा. साग मुद्दाम घेतला. दिसायला मऊ, रंध्याखाली सुरेख निघतो, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच कण. त्यामुळे साग धार खातो. ज्या पटाशीची धार देवदारावर दिवसभर टिकेल तिला साग दुपारीच दगडावर पाठवतो. विदर्भात सुतारकाम म्हटलं की सागच समोर येणार. बल्लारपूर-आलापल्लीचा साग इथला. म्हणून इथे पटाशीच्या पोलादाकडे जरा जास्तच बारकाईने पाहावं लागतं.

आधी सगळ्यांना एकाच दगडावर, एकाच ३० अंशाच्या कोनात धार लावली. हे केल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. महागड्या पटाशीची कारखान्यातली धार तयार असते, स्वस्ताची नसते, आणि लोक पहिल्या पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतात. मग फळीच्या टोकाला, जिथे रेषा संपतात तिथे, पातळ कापा काढत गेलो. दर थोड्या वेळाने काका भिंग लावून धार पाहायचे.

कंपनीच्या पटाशीची धार शेवटपर्यंत सरळ राहिली. मीडियमचीही जवळपास तशीच. चालूतल्या पहिलीची धार थोड्याच वेळात वळली. भिंगातून पाहिलं तर कडेवर चंदेरी रेघ चमकत होती. खरी धार दिसत नाही, दिसली की समजायचं ती मेली. नखावर घासली तर खरखर लागली.

"मऊ आहे," मी म्हटलं.

"टोक मऊ आहे," काका म्हणाले. "पोलादाचं अजून ठरलं नाही."

त्यांनी जुनी कानस घेतली. चांगल्या कानसीचं पोलाद पटाशीपेक्षा थोडं अधिक कडक असतं. पटाशी कडकपणाच्या रॉकवेल मापात साधारण ५८ ते ६२ असावी लागते. त्यामुळे नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या, पटाशीवर कानस घसरते, फार तर पुसट ओरखडा पडतो. मऊ असेल तर कानस सरळ चावते आणि चुरा निघतो. काकांनी टोकापाशी घासली, चुरा निघाला. बोटभर मागे घासली, घसरली. म्हणजे कारखान्यात पाणी नीट दिलं होतं, पण नंतर कोरड्या ग्राइंडरवर धार काढताना कोणीतरी घाई केली आणि टोक तापवलं. पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं की निळं पडतं आणि कडकपणा सोडायला लागतं. तो निळा रंग पॉलिशमध्ये निघून जातो, मऊपणा राहतो. काकांनी पाण्याच्या चाकावर टोक दोन-तीन मिलिमीटर मागे नेलं, पुन्हा धार लावली. तीच पटाशी, तोच साग. यावेळी धार मीडियमच्या बरोबरीने टिकली.

मग चालूतलीच दुसरी घेतली. तिच्यावर कानस टोकालाही चावली, मध्येही चावली, मुठीपाशीही चावली. तिला पाणीच लागलेलं नाही. ती झाकणं उघडायला ठेवावी.

खोका एक, गाव एक, छापील किंमत एक. एक पटाशी सुधारण्याजोगी आणि दुसरी टाकाऊ. खोक्यावर कोणता देश लिहिला होता ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याने काहीही बदललं नसतं.

रात्री विचार करताना एवढं हाती लागलं: 'कंपनी'च्या मालाला जे जास्तीचे पैसे मोजतो ते सगळे काही पोलादाचे नसतात. त्यातले बरेचसे निवड केल्याचे असतात. नापास झालेला नग त्यांनी आपल्या दारात काढून टाकलेला असतो. स्वस्त मालात तो नग खोक्यात घालून तुमच्याकडे पाठवतात आणि निवड तुम्ही करायची असते. मग प्रश्न असा उरतो की आपल्याला काउंटरवर उभं राहून कोणत्या हत्याराची निवड करता येते आणि कोणत्याची येत नाही. येत असेल तिथे स्वस्त घ्यावं. येत नसेल तिथे नाव घ्यावं, मग ते कुठलंही असो. काकांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "टूल-रूमले इन्स्पेक्शन काहून ठेवते मग?"

२५ जानेवारी, शनिवार

पुन्हा लोहाओळ. या वेळी पिशवीत सामान: जुनी कानस, भिंग, काकांचा टूल-रूमचा गुण्या (काटकोन तपासायचा), जाड काचेची पट्टी, पांढरा कागद आणि टोकदार पेन्सिल.

गुण्ये. फळीची एक कड सरळ असली की पुरे. गुण्या लावून रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर. फाकल्या तर जेवढी चूक असेल त्याच्या दुप्पट अंतर दिसतं, म्हणून डोळ्यालाही पकडता येतं. शेठना काउंटरची फळी मागितली. पहिल्यांदा कुरकुरले, मग स्वतःच आतून गुण्ये काढून देऊ लागले. "इसको भी देखो. इसको भी." सबंध ढिगातून दोन चांगले निघाले, दोन्ही चालूमधले. एका महागड्या आयात गुण्याच्या रेघाही फाकल्या. शेठनी तो मुकाट्याने खालच्या खणात ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवणार नाहीत असं मला म्हणायचं नाही.

पाने. इथे पोलादापेक्षा तोंडाचं माप बघायचं. नवा बोल्ट हातात घेऊन त्यावर पाना लावायचा आणि किती खेळतो ते पाहायचं. जबडा सैल असेल तर बोल्टचे कोपरे गोल होणार आणि मग त्या बोल्टला देवही सोडवू शकत नाही. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द आजकाल सगळ्यांवरच कोरलेले असतात. ते मिश्रधातूचं नाव आहे. त्याला उष्णतेने काय केलं, ते त्या अक्षरांवरून कळत नाही. ठोकून घडवलेला आहे की ओतीव, हे मात्र कडेच्या जोडरेषेवरून आणि मानेच्या जाडीवरून काकांना कळतं. मला अजून कळत नाही. जालंधरचा तोच खाकी खोका घेतला, ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा.

देश इथे महत्त्वाचा ठरतो, पण वेगळ्याच कारणाने. १० मिमीच्या बोल्टचं डोकं जुन्या जर्मन डीआयएन मानकात १७ मिमी, आयएसओ मानकात १६ आणि जपानी गाड्यांवर बहुतेक १४. ८ मिमीच्या बोल्टला तसंच डीआयएन-आयएसओत १३ आणि जपानीत १२. हत्यार कुठे बनलं हे कोणी विचारू नये, ज्यावर ते चालवायचं ती वस्तू कोणत्या देशाच्या मानकाची आहे ते विचारावं. स्क्रू-ड्रायव्हरचीही हीच गत. फुलीचा खाचा बघायला एकसारखा, पण तीन जाती आहेत. फिलिप्स ही अमेरिकन, १९३६ मध्ये कॅडिलॅकच्या गाड्यांत आली. पोझिड्राइव्हच्या स्क्रूवर मोठ्या फुलीच्या मधोमध बारीक दुसरी फुली दिसते आणि मॉड्युलर किचनच्या युरोपीय धाटणीच्या बिजागऱ्यांत तीच असते. जपानी जेआयएस ही तिसरी, जपानी बनावटीच्या दुचाक्यांवर. त्या स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा छोटा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि खाच कुरतडतं. लेआउटमधल्या निम्म्या दुचाक्यांच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू असेच चेचलेले असतील. तिन्ही जातींची टोकं घेतली, पोझीची दोन नंबरची जास्त.

कानशी जे. के. च्या. रत्नागिरीला बनतात हे कारण नव्हे, पण ते वाचून बरं वाटलं. कानस ही झिजून संपणारी वस्तू. ती संपली की त्याच दिवशी लोहाओळीत मिळायला हवी. ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट पाहायला लावणारी जगातली सर्वोत्तम कानस आम्हाला नको.

घेतलेल्या पटाश्या: मीडियम ढिगातल्या, प्रत्येकीला टोकाच्या बोटभर मागे कानस लावून पाहिलेल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

विजेच्या कामाची हत्यारं. आजचा दिवस ताईंचा, आणि त्यांनी चर्चेला फारशी जागा ठेवली नाही.

ग्रुपवरून सूचना आली होती की पकडीला लाल रबराची मूठ आहे, मग शॉक कसा लागेल? ताईंनी त्यावर लांबलचक संदेश लिहिला, त्याचा सारांश असा. साध्या पकडीच्या मुठीवरचं प्लॅस्टिक हे हाताला आरामासाठी असतं. ते इन्सुलेशन नव्हे, त्यात फट, बुडबुडा काहीही असू शकतं. चालू वायरवर काम करण्यासाठीच्या हत्यारांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९०० हे आहे. १००० व्होल्टपर्यंतची ही हत्यारं, आणि कारखान्यात प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासूनच बाहेर सोडायचा असतो. हत्यारावर दुहेरी त्रिकोणाचं चिन्ह आणि १००० व्ही असं असतं. यातलं काहीही आपण लोहाओळीत काउंटरवर तपासू शकत नाही.

म्हणजे १९ तारखेच्या नोंदीतला दुसरा भाग इथे लागू. पक्कड, कटर आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर नावाजलेल्या कंपनीचेच घेतले, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह. पकडी जर्मन आल्या, स्क्रू-ड्रायव्हर चेक. ग्रुपवरच्या पहिल्या सभासदाला यात विजय वाटला. वाटू दे. ताईंनी कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: "आधी एमसीबी पाडा, मग हत्यार उचला." त्यांच्या मते त्या चारही हत्यारांत मिळून या कागदाएवढं संरक्षण नाही.

हातोडीही याच खात्यात टाकली. हातोडीचं तोंड पटाशीपेक्षा मुद्दाम मऊ ठेवतात. जास्त कडक राहिलं तर कठीण पोलादावर आपटताच टवका उडतो, आणि तो डोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कानस लावून एवढा बारकावा समजत नाही. नाव पाहून घेतली, नाशिकची.

८ फेब्रुवारी, शनिवार

व्हाईस, म्हणजे जबड्यात वस्तू आवळून धरायचं साधन. नवा की भंगारातला?

काकांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे एक इंग्लिश व्हाईस होता, पाठीवर 'मेड इन इंग्लंड' अशी उठावाची अक्षरं. मी लगेच भाळलो. जुनं ते सोनं म्हणायला आपण तयारच असतो. काकांनी आधी जबडे बंद करून उजेडाकडे धरले, मग स्क्रू पुढे-मागे फिरवून पाहिला. अर्धा आटा फिरेपर्यंत जबडा हलतच नव्हता. "याचा नट खाल्ला गेला. बीडाचं अंग मस्त आहे, पण नट कोण बनवून देते आता?" जुनी हत्यारं सगळीच चांगली होती असं आपल्याला वाटतं, कारण त्या काळातली वाईट होती ती केव्हाच वितळली. उरलेलीच आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

हिंगण्याच्या एमआयडीसीत खराडीवाल्याकडे नट करून मिळाला असता, पण खर्च नव्या व्हाईसच्या जवळ गेला. म्हणून नवा, लुधियान्याचा, १०० मिमी जबड्याचा. साध्या बीडाऐवजी, म्हणजे ओतीव लोखंडाऐवजी, एसजी आयर्न या चिवट जातीच्या बीडाचा घेतला. बीड ताण आला की न सांगता तडकतं, एसजी थोडं वाकून दाखवतं. सार्वजनिक व्हाईसच्या दांड्याला पाइप लावून जोर करणारा कोणीतरी निघणारच.

२३ फेब्रुवारी, रविवार

बंगई उतरवली.

कड्यांचे बोल्ट जुने, इंची मापाचे. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिकवर आला, पण जुन्या बोल्टांना ते कोणी कळवलं नाही. मिमीचा एक पाना बसेना, पुढचा खेळायला लागला. शेवटी स्क्रू पाना लागला. हा समायोज्य पाना योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने १८९२ मध्ये पेटंट केला, तोही नेमकी हीच अडचण सोडवायला: बोल्टची मापं जमेनात म्हणून. वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरायचा, सरकत्या जबड्यावर नाही. एवढं पाळलं तर स्वस्तातलाही टिकतो. सरकत्या जबड्याचा खेळ दुकानात हलवून कळतो, म्हणून हा चालू ढिगातून निवडलेला.

सांध्याचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, झिजून हलत होतं. दोन बाजूंना सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवून जाड केलं आणि सुकल्यावर पटाशीने उतरवत आणलं. शेवटचा अर्धा मिलिमीटर उतरवताना पटाशी कशी आहे ते खरं कळतं. धार बरोबर असेल तर साग पारदर्शक पापुद्र्यासारखा वळत निघतो आणि मागे तेलकट चमक राहते. धार गेली की पापुद्र्याऐवजी भुसा पडतो आणि पृष्ठभाग धुरकट दिसतो. भुसा पडायला लागला की दगडावर जायचं. ताईंचा भाचा बाजूला उभा होता, त्याला हे एवढंच शिकवलं आणि पटाशी त्याच्या हातात दिली. मुलगा तासाभरात माझ्यापेक्षा बरं काम करू लागला.

काम करताना पटाशीवर ठसा कुठला आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. गुण्या मात्र दर पाच मिनिटांनी लागला, आणि तो सगळ्यात स्वस्तातला होता.

१६ मार्च, रविवार

धुळवडीनंतर वही पाहिली. सामायिक हत्यारांचे मृत्यू वेगळ्याच कारणांनी होतात.

१०-११ चा पाना हरवला. सगळ्या जगात तोच हरवतो. एका स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फुटलेलं आलं, रंगाचा डबा उघडायला वापरला असावा. एक पटाशी सिमेंट खरवडून आली. यातलं एकही हत्यार महाग असतं तर वाचलं नसतं, फक्त दुःख जास्त झालं असतं. सांधे आणि बिजागऱ्यांसाठीच्या पटाश्या आता वेगळ्या खणात ठेवल्या आहेत. समोर लटकवली ती १९ जानेवारीची पाणी न दिलेली. सिमेंट, पुट्टी, डबे, सगळं तिच्यावर. काम मिळालं तिला.

ग्रुपवरच्या स्वदेशीवाल्या सभासदांनी कपाट स्वतः येऊन पाहिलं आणि विचारलं की परदेशी किती आहे. ताईंनी विजेची पेटी उघडून दाखवली, कारणासकट. मग ते म्हणाले की भारतीय माल घेतला तर पैसा इथल्या कामगाराच्या घरी जातो, त्याची किंमत वहीत कुठे लिहिली आहे का? मुद्दा बरोबर आहे. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, पण खरेदी फक्त गुणवत्तेवर कोण करतो? दोन वस्तू हातात बरोबरीच्या वाटल्या तेव्हा आम्ही दर वेळी नाशिक, रत्नागिरी, जालंधरच उचललं, हे त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, पण ड्रिल घेऊन गेले.

३० मार्च, गुढीपाडवा

कपाटाला हार घातला, लोकांना यादी वाटली. बंगईवर सकाळपासून गर्दी आहे.

पुढच्या फेरीसाठी: १०-११ चे दोन पाने, सुटे मिळाले तर. पोझीची टोकं अजून दोन. करवत घ्यायची आहे. ओढताना कापणारी जपानी घ्यावी की ढकलताना कापणारी आपली, यावर काका आणि माझं जमलेलं नाही. लेआउटमध्ये ज्याच्या हाताला जी सवय तीच घ्यावी असं त्यांचं म्हणणं, आणि सवय सगळ्यांना ढकलायची आहे.

एप्रिल अर्धा संपायच्या आत हातोडीच्या आणि पटाश्यांच्या लाकडी मुठींना जवसाचं तेल द्यायचं. पारा ४५ कडे गेला की लाकूड आटतं आणि हातोडीचं डोकं दांड्यावर हलायला लागतं. तेल ताईंच्या गावाहून येणार आहे, घाण्याचं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळ्या पोलादावर मशीन ऑइलचा हात फिरवायचा. ही पाळी कोणाची ते अजून ठरलेलं नाही, ग्रुपवर विचारलं आहे.